तुरीच्या डब्यावरचा चौकोन

साल दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं. शाळा तिसरीत सुटली, तरी वाचता येतं. सावकाश, पण कोणाला विचारावं लागत नाही.

त्या साली ग्रामपंचायतीने घरोघरी दाराला एक चौकोनी स्टिकर लावलं, काळ्या ठिपक्यांचं. कचऱ्याची गाडी आली की सोबतची बाई त्यावर मोबाईल धरणार आणि घराचे गुण टिपणार. दर शनिवारी सगळ्या घरांची यादी गावाच्या ग्रुपवर.

ती गाडीसोबतची बाई म्हणजे माझी सून. मोताळ्याकडची, बारावी शिकलेली. बचत गटातल्या बायांनीच तिचं नाव सुचवलं होतं. पहिल्या दिवशी साडीवर पंचायतीचं जाकीट घालून निघाली, तेव्हा वळणापर्यंत मी तिला ओट्यावरून पाहत राहिलो.

पण ते स्टिकर मला पटलं नाही. आमच्या घरात कचरा होतच नाही. तेल मी घाणीवरून काचेच्या बरणीत आणतो. बाजाराची पिशवी जुन्या धोतराची. शिळं ढोरांना, फाटकं गोधडीत. मग कचऱ्याचा शिक्का माझ्या दाराला काऊन? चार दिवसांनी घरचे शेतात गेले, तसा मी तो नखाने सोडवला. चांगला जाड, गोंद पक्का. असली वस्तू फेकवत नाही मला. तुरीच्या डब्याला बाजूने भोक पडलं होतं, सोंडे किडे शिरत होते. त्यावर बसवून टाकला. मापात बसला.

सुनेने विचारलं, दारावरचं कुठं गेलं. मी म्हणालो, मले काय विचारते. ते खोटं नव्हतं, अन् खरंही नव्हतं. नवं स्टिकर तालुक्याहून यायचं होतं. ते काही आलं नाही.

पहिली यादी आली तेव्हा शेजाऱ्याने मोबाईल माझ्याच हातात दिला. मी वरून वाचायला लागलो, कारण आपलं घर वरच असणार. वाचता वाचता चहा गार झाला. आमचा नंबर सगळ्यात खाली होता, पुढे शून्य. आमच्या वर जे घर होतं, त्यांच्या अंगणातून कुरकुऱ्यांच्या पुड्या कोंबड्या ओढत नेतात.

"दिव्याखाली अंधार तो हाच का हो, भाऊ?" शेजारी म्हणाला.

तीन शनिवार हेच. चौथ्याच्या आधल्या सांजेला सून मला भाकर वाढत होती. वाढता वाढता, वर न पाहता बोलली.

"मामाजी, उद्याही आपल्या घरापुढं शून्य आलं तर पंचायतवाले गाडीचं काम दुसरीले देऊन राह्यले. म्हणतात, घरचे आयकत नाही तिचं, गाव काय आयकन."

मी म्हणालो, आपल्या घरात कचराच नाही, हे गावाले माहीत नाही काय.

"गावाले माहीत आहे. मोबाईलले कोण सांगन? कचरा नाही, घरची बरणी, घरची पिशवी, याचेच तर त्यात सगळ्यात जास्त गुण आहेत. पण टिपाले चौकोन पाहिजे ना."

हे महिनाभर मला कोणी सांगितलं नव्हतं. म्हणजे तिने सांगितलं असेल, मी ऐकून घेतलं नसेल. जो मान मी सगळ्या गावाला मागत होतो तो त्या चौकोनात होता, आणि चौकोन होता तुरीला. ती मात्र माझ्यापायी रोज चाळीस दारांपुढे मान खाली घालून उभी राहत होती.

हात धुतले आणि डबा पाहिला. स्टिकरचा कोपरा उचलला तर फाटायला लागला. सोडून दिला. तिला तेव्हाच सांगायला पाहिजे होतं. मला जमत नाही ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीचा भोंगा ऐकू आला तसा मी तो भरला डबा कमरेवर घेतला आणि दारात जाऊन उभा राहिलो. समोरच्या बाया पाहायला लागल्या. सून गाडीमागून आली. तिने डबा पाहिला, मग मला पाहिलं.

"मामाजी, हे इथं?"

"भोक होतं," मी म्हणालो. "धर मोबाईल. जड आहे."

ती पदर तोंडाला लावून हसली आणि तिने मोबाईल धरला. त्यात टिंग वाजेपर्यंत मी डबा हलू दिला नाही.