मावशीकडून सप्रेम

शाळेतून रिटायर झाल्यावर घरी बसून करायचं काय, म्हणून मी ठाण्याला नौपाड्यातल्या एका महिला मदत केंद्रात जायला लागले. घरात मार खाणाऱ्या बायका तिथे येतात. कायद्याचं आमची वकीलबाई बघते, फोन मी घेते. पण ज्यांना घराबाहेर पडताच येत नाही त्यांचं काय? म्हणून संक्रांतीला आम्ही वस्त्यांमध्ये हळदीकुंकू करतो. त्याला जायला सहसा कुठला नवरा नाही म्हणत नाही.

मोहने गावातल्या हळदीकुंकवाला ती भेटली, लहान पोरीला घेऊन आलेली. तिळगूळ घेताना बांगड्या वर सरकल्या आणि मनगटावरचा काळानिळा वळ दिसला. मी हळूच केंद्राच्या नंबराचं कार्ड पुढे केलं. तिने ते तसंच परत दिलं.

"तो पर्स झाडून बघतो, मॅडम. मोबाईल पण. आणि पाठ करायचं म्हटलं तर हल्ली डोक्यात काही राहतच नाही."

असा संताप आला मला! तिच्यावर नाही हो, त्या गुळगुळीत कार्डावर आणि ते छापून खूश झालेल्या माझ्यावर.

पर्स झाडतो, पण भांडी थोडीच उपडी करून बघणार? वाणाचा एक स्टीलचा डबा घेतला आणि बुडाला नंबराचा स्टिकर लावला. पहिल्याच घासणीत निघाला. मग भांड्यांच्या दुकानात नावं घालणारे काका बसतात, त्यांच्याकडे गेले. नंबर बघून त्यांनी मशीन बाजूला ठेवलं.

"नुसता नंबर? कोणाकडून ते नको? असं कोणी घालत नाही, बाई."

"अहो, तुम्हाला काय करायचंय? घाला म्हटलं ना!"

"लोक विचारतील, नंबर कसला म्हणून."

आता हे मात्र बरोबर होतं त्यांचं. मी म्हटलं, "बरं, घाला. मावशीकडून सप्रेम." टर्रर्र करत त्यांनी नाव घातलं, खाली नंबर.

रथसप्तमीच्या आत मोहन्याला दुसरं हळदीकुंकू काढलं, खास तिच्यासाठी. डबा हातात देऊन कानात सांगितलं, "कोणी विचारलं तर ठाण्याची लांबची मावशी म्हणायचं." तिने मान हलवली.

होळी झाली, पाडवा झाला, तरी फोन नाही. रोज वाटायचं, बरी असेल ना? आणि एका सकाळी केंद्राच्या फोनवर पुरुषाचा आवाज.

"कोण बोलतंय? माझ्या बायकोच्या डब्यावर तुमचा नंबर आहे. ही म्हणते, मावशी. आम्ही तर कधी ऐकलं नाही."

खरं सांगते, घाबरले मी. माझा एक शब्द चुकला की मार तिला पडणार. पण तीस वर्षं पोरांवर ओरडण्यात गेलेली, आवाज आपोआप चढला.

"ऐकणार कसं? लग्न झाल्यापासून एकदा तरी पाया पडायला आणलंत का तिला? हे बरं आहे, जावईबापू!"

"नाही, तसं नाही मावशी..."

"मग कसं? इथे माझे गुडघे गेलेत आणि कुरडया रखडल्यात. उद्याच पाठवा तिला, पोरीला घेऊन. ठाणे स्टेशनवर घ्यायला पाठवते कोणाला तरी. तुमच्या घराला वर्षभर पुरतील एवढ्या देते."

"पाठवतो," तो म्हणाला. वकीलबाई समोर तोंडावर ओढणी दाबून बसली होती. मी फोन ठेवला आणि अख्खा तांब्या पाणी प्यायले.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती आली. कडेवर पोरगी, हातात डबा. वर चिवडा भरलेला. मावशीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून नवऱ्यानेच आणून दिलेला. तिने चिवडा परातीत ओतला. खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत तिची दहावीची मार्कशीट, आधार कार्ड आणि पोरीचा जन्मदाखला.

"अगं, भलतीच हुशार आहेस तू!" मी तिला मिठीच मारली. वकीलबाईने राहायच्या सोयीसाठी फोन लावला, पोरगी परातीतले शेंगदाणे वेचून खायला लागली.

"परत कधी ये म्हणालाय?" मी विचारलं.

"कुरडया वाळल्या की." मग ती हसली. पहिल्यांदाच हसताना पाहिलं मी तिला.

"मावशी, वाळू देऊच नका."