व्याह्यांनी धरलेली आसारी

आमच्या येवल्याकडं फिरकीला आसारी म्हणतात. चांगली मोठी, लाकडी. पतंग उडवणारा तो राजा आणि आसारी धरणारा त्याचा गडी, एवढं इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मी जन्मात कुणाची आसारी धरली नव्हती. पण लेक नाशकात दिली आणि पहिल्याच संक्रांतीला व्याह्यांनी त्यांच्या गच्चीवर आसारी माझ्या हातात ठेवली. तीही मोठ्या मानानं.

"या व्याही. तुमच्याच हातात शोभते."

मुलीचा बाप काय बोलणार? धरली. मग दर संक्रांतीला तेच. ते दोरा सोडणार, लाकडी दांडा माझ्या तळहातात गरागरा फिरणार, आणि घरी येऊन मी तूप चोळणार.

एका संक्रांतीला मात्र तोंडातून निघून गेलं, "मी अशी आसारी करीन की हाताला चटकाच बसणार नाही. दांडा लोखंडाचा, दोन्ही टोकांना पितळी नळ्या, बुश म्हणतात त्या. माणसानं बुश धरायचा, दांडा आत फिरत राहील."

व्याही सातपूरला एका कारखान्यात उभा जन्म टर्नर होते, लेथवर लोखंड कातायचे. ते असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. "तुम्ही कांदेवाले. लेथवर काम करणार? करा. केलीत तर पुढच्या संक्रांतीला पतंग तुमचा, आसारी मी धरीन."

सगळ्या गच्चीनं ऐकलं. आमची ही खाली येताना जिन्यातच म्हणाली, "मुलाकडच्यांना आसारी धरायला लावणार? पोरीला काय ऐकावं लागेल, कळतं का?"

"धरतो ते म्हणालेत. मी कुठं म्हणालो?"

एक बंद पडलेलं वर्कशॉप सामान काढत होतं, तिथून छोटी लेथ आणली. टेबलावर मावेल एवढीच. मागच्या दारी धुण्याच्या दगडाशेजारी बसवली. मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस. शाळेनंच मला सोडलं असं घरचे म्हणतात, ते खोटं आहे. मोबाईलवर बघून शिकायचं ठरवलं. त्यातला माणूस भलत्याच भाषेत बोलायचा, म्हणून आवाज बंद करून नुसते त्याचे हात बघायचो.

पहिलं काम फेसिंग. म्हणजे सळईचं तोंड सपाट करायचं. सळई चकात, म्हणजे मशीनच्या फिरत्या जबड्यात आवळली, मशीन सुरू केलं, कापायचं टूल बाहेरून मध्यापर्यंत नेलं. तोंड आरशासारखं झालं, पण बरोबर मधे एक बारीक टेंगूळ राहिलं. पुन्हा नेलं, पुन्हा राहिलं. तेवढ्यात व्याही नाशकाहून येऊन टपकले, म्हणे चहाला. मला वाटतं वास काढतच आले असावेत.

"वा! जॉबला टिकली लावलीय का?"

"राहू दे. सवाष्ण आहे," मी म्हणालो.

त्यांनी कारण सांगितलं नाही, मी विचारलं नाही. ते गेल्यावर टूलाकडं डोळा लावून बसलो तेव्हा कळलं, टूलाचं टोक सळईच्या मध्यापेक्षा खाली होतं. तुपाच्या डब्याचं झाकण कापून त्याची पट्टी टूलाखाली सरकवली. टिकली गेली. संध्याकाळी झाकणाची चौकशी झाली. मी मांजराकडं बघितलं.

पुढं दांडा बारीक करायचा होता. मला वाटलं, कांदा सोलण्यासारखंच आहे, एक जाड पापुद्रा काढला की झालं. टूल आत घुसवलं. मशीन घाटात कांद्याचा ट्रक कण्हतो तसं कण्हलं आणि सळई वाकडी होऊन चकातून सुटली, ती थेट हिच्या साबणाच्या बादलीत. मी शांतपणे बाहेर काढली आणि म्हणालो, "थंड करायला टाकली होती."

मग बारीक बारीक काप घ्यायला शिकलो. लोखंडाचा निळसर कीस कुरळा होऊन निघायला लागला, तो इतका देखणा की फेकवेना. हिच्या पायात गेला तेव्हा फेकला. दांडा अगदी मापात आला म्हणून नाचलो, आणि थंड झाल्यावर बघतो तर आकसून मापापेक्षा बारीक झालेला. व्याह्यांना कुठून कळलं कोण जाणे. लेकीकडून फोन आला, "बाबा, सासरे विचारतायत, पोळी तव्यावर असतानाच मोजता का?"

नवा दांडा घेतला. या वेळी चहा पिऊन, आंघोळ करून, मग मोजला. बुश आतून कोरले, दांडा लाकडी आसारीत बसवला, तेल सोडलं. बोटानं टिचकी मारली की आसारी फिरायची, आणि मी दाराची कडी लावून येईपर्यंत फिरतच असायची. कानाला आवाज नाही. ही लांबून बघत होती. म्हणाली, "छान झालीय हो." मग लगेच, "पण धरायला लावू नका त्यांना."

संक्रांतीला गच्चीवर व्याह्यांनी आसारी घेतली. फिरवली, कानाशी नेली. तोंडावरचं हसू गेलं. टोपी नीट केली आणि दोन्ही बुश धरून माझ्यामागं उभे राहिले. शब्दाचे पक्के. मी दोरा हातात घेतला. एवढ्या वर्षांनी! साधाच दोरा, काचेचा मांजा लेकीनं बंद केलाय. पतंगानं वारा धरला आणि सणसणत वर गेला.

"चटका बसतो का व्याही?"

"नाही," ते नाराजीनं म्हणाले.

तेवढ्यात पतंग थांबवायचा म्हणून मी दोरा रोखला. दोरा थांबला. आसारी थांबेना.

लाकडी दांड्याला तळहात हाच ब्रेक असतो, हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. आसारी फिरतेय, दोरा भसाभसा बाहेर ओततेय, व्याह्यांच्या खांद्यावर, टोपीवर, चष्म्यावर.

"आवळा व्याही!"

"आवळलीय! दोन्ही आवळलेत!"

बुश आवळून काय होणार? आत दांडा मजेत फिरत होता. मी वळून बघतो न बघतो तोच शेजारच्या गच्चीवरून ओरडा झाला, "काटली!" माझा पतंग डुलत डुलत गोदावरीच्या दिशेनं गेला.

लेक कात्री घेऊन धावली. व्याही गुंत्यातूनच गरजले, "खबरदार! चांगला दोरा आहे."

मग एकच मार्ग उरला. मी आसारी धरून उभा राहिलो आणि व्याही जागेवरच सावकाश गोल फिरायला लागले, चकात बसवलेल्या जॉबसारखे. एकेक वेढा सुटून आसारीवर येत होता. लेक आणि तिची आई भिंतीकडं तोंड करून हसत होत्या.

"सूनबाई, फोटो काढ," व्याही फिरता फिरता म्हणाले. "आसारी कोणाच्या हातात आहे ते नीट येऊ दे."

आणखी एक फेरा झाला. माझ्यासमोर आल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "बुश आतून कशानं कोरले? फिनिशिंग कुणाकडून करून आणलं?"

"कुणाकडून नाही. याच हातांनी, त्याच मशीनवर."

व्याही थांबले. आसारीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"फिरा व्याही," मी म्हणालो, "दोरा गुंततोय."