कच्च्या केळ्याचा पंचनामा

नोकरीत हाताखालून गेलेली बरीच प्रकरणं आता कलमासकट पुसली गेली आहेत. पण एका दुपारी ठाण्यात कच्चं केळं घेऊन आलेला माणूस काही केल्या डोक्यातून जात नाही. गुन्हा म्हणाल तर दाखलही झाला नाही. तरी घरात गप्पांना बसलो की हीच गोष्ट सांगतो. बायको म्हणते, कारण हिच्यात तुमची फजिती आहे आणि ती सांगायला तुम्हाला आवडतं. असेल.

पाचसहा वर्षं झाली. मी जळगावात उपनिरीक्षक होतो. ऊन मी म्हणत होतं, ठाणे अंमलदाराच्या टेबलाशी एक अपघात, एक हरवलेला मोबाईल आणि दोन भांडलेले शेजारी असा रोजचा बाजार भरला होता. त्यात मेहरूणकडचे एक आबा आले. वय पंचाहत्तरीच्या पुढे, कपडे स्वच्छ, खांद्याला कापडी पिशवी. गिरणीतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. त्यांनी पिशवीतून एक जुना दिसणारा घडीचा चाकू काढला, माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. आपल्याकडे चाकू हातोहात देत नाहीत, भांडण होतं म्हणतात. आबांनी ठाण्यातही तो रिवाज पाळला.

त्यांची तक्रार अशी होती की, त्यांच्याकडे एकेचाळीस जुने खिशातले चाकू आहेत. धुळ्याच्या, चोपड्याच्या, पार पिंपळनेरच्या आठवडे बाजारात जुन्या सामानाच्या ढिगातून एकेक वेचलेले. त्यातला सगळ्यात जवळचा, त्यांच्या उस्तादानं गिरणी सोडताना दिलेला चाकू कुणीतरी बदलला आहे. शिंगाची मूठ तशीच, पितळी खिळे तसेच, पण हा तो नव्हे.

मी सवयीनं आधी फुटपट्टी काढून पातं मोजलं. लांबी कायद्यात बसत होती. मग विचारलं, ओळखलं कशावरून? आबा म्हणाले, जुनं पातं धार लावून लावून झिजतं, पोटात जरा आत जातं. हे सरळ आहे. मिटताना जुना चाकू दमदार टक करतो, हा किरकिरतो. आणि एवढ्यावर विश्वास नसेल तर, म्हणत त्यांनी पिशवीतून कच्चं केळं काढलं. "साहेब, हे या पात्यानं कापा आणि दहा मिनिटं थांबा."

मागे बसलेला एक शिपाई खोकला. तो खोकला कसला होता ते ठाण्यातल्या प्रत्येकाला कळलं.

तेवढ्यात त्यांचा मुलगा धापा टाकत आला. पन्नाशीचा, कचेरीत कारकून. त्यानं मला बाजूला घेऊन हळू आवाजात सांगितलं की वडिलांना हल्ली आठवत नाही, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत. घरात धारदार वस्तू नकोत म्हणून चाकूंचा डबा कपाटात कुलपात टाकला आहे. हा एक त्यांच्या खिशात राहिला. पुढच्या आठवड्यात बाकीचे भंगारात द्यायचं ठरलं आहे. बोलताना त्यानं तीनदा मनगटावरचं घड्याळ बघितलं. खोटं बोलणारा पाणी मागतो असं आम्हाला शिकवतात. माझा अनुभव असा की तो घड्याळ बघतो. पण त्या दिवशी माझाच अनुभव माझ्या कामी आला नाही. मला वाटलं, बिचाऱ्याला ऑफिसला उशीर होत असेल.

मी आबांना समजुतीच्या सुरात, म्हणजे लहान मुलाशी बोलतात त्या सुरात, चौकशी करतो म्हणालो. चाकू ठेवून घेतला, स्टेशन डायरीत ओळभर नोंद केली. जाताना आबांनी शर्टाच्या खिशातून चिठ्ठ्यांची गड्डी काढली. प्रत्येकीवर एकेक ओळ होती: गॅस बंद केला. गोळी घेतली. दार लावलं. एका चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती परत खिशात ठेवली. मी डोकावलो. लिहिलं होतं, साहेबांना सांगितलं. मग मुलाच्या मागून ते खाली मान घालून निघून गेले. केळं माझ्या टेबलावरच राहिलं. ठाण्यानं त्यांचं नाव लगेच केळेवाले आबा ठेवलं, आणि हसणाऱ्यांत मी होतो.

रविवारी घरी होतो. बायको कच्च्या केळ्याच्या काचऱ्या करायला बसली होती. मी अधिकारी माणूस, म्हणून मदत म्हणजे शेजारी बसून सूचना. ती वैतागून म्हणाली, "सूचना पुरे. स्टीलची सुरी आणा म्हणून वर्ष झालं सांगतेय. या लोखंडाच्या विळीनं केळं चिरलं की विळी काळी, बोटं काळी."

मी विळीकडे बघतच राहिलो. पातं निळसर काळं पडलं होतं. शेजारच्या स्टीलच्या चमच्याला तोच चीक लागला होता आणि तो लखलखत होता. केळीच्या जिल्ह्यात नोकरी, केळीच्या तालुक्यात सासर, आणि जे घरोघरच्या बायकांना माहीत आहे ते एका म्हाताऱ्यानं पुरावा म्हणून समोर ठेवलं तर मी त्याला वेडा ठरवलं.

सोमवारी सकाळी ठाण्याच्या आवारात धारवाल्या चाचांना बोलावलं. सायकलीवर सहाण बांधून गावोगाव फिरणारा हा जुना माणूस, लोखंडाची नस ओळखणारा. पिकायला लागलेलं ते केळं बाद करून नवं कच्चं आणलं. एका बाजूला चाचांचा स्वतःचा जुना चाकू, दुसऱ्या बाजूला आबांनी आणलेला. दोन्हींनी केळं कापून ठेवलं. दहा मिनिटांत चाचांचं पातं काळवंडलं. दुसरं नवरीच्या आरशासारखं स्वच्छ.

चाचांनी मूठ नाकाला लावली. "साहेब, धुरावर धरून जुना केलाय. शिंग पण नाही, प्लास्टिक आहे. पातं आजकालचं स्टील. असा माल धुळ्याच्या जुन्या बाजारात एकाच माणसाकडे मिळतो." मग चाकू मिटून म्हणाले, "आबांना मी वीस वर्षं ओळखतो. ते चाकू विसरणार नाहीत. जेवलो की नाही ते विसरतील."

धुळ्याला मला कोर्टाची तारीख होतीच. साक्ष आटोपून त्या बाजारात गेलो. दुकानदारानं आढेवेढे घेतले नाहीत. दोन महिन्यांपूर्वी चष्मेवाला एक गृहस्थ मोडक्या पात्याचा चाकू घेऊन आला होता, अगदी असाच हवा म्हणून तीन तास बसला होता. मोबाईलमधला फोटो दाखवला तर म्हणाला, हाच. फोटो आबांच्या मुलाचा होता; त्याचं घड्याळ बघणं आठवलं म्हणून निघताना त्याच्या फेसबुकवरून उतरवून घेतला होता.

त्याला ठाण्यात बोलावलं. आवाज चढवला नाही. समोर चहा ठेवला, आणि बशीत तो चाकू आणि कापलेलं केळं. तो बशीकडे बघत राहिला. घड्याळ मात्र बघितलं नाही. मी एवढंच म्हणालो, "जुना कुठे आहे?"

"स्कूटरच्या डिकीत," तो म्हणाला. "टाकवला नाही."

मग सगळं बाहेर आलं. कूलर लावताना त्यानं स्क्रू फिरवायला वडिलांचा चाकू घेतला आणि पात्याचं टोक मोडलं. पन्नास वर्षांचा माणूस, स्वतःला जावई आलेला, पण बापाला सांगायची छाती झाली नाही. धुळ्याहून तसाच आणून ठेवला. आबांनी दुसऱ्याच दिवशी ओळखलं. तेव्हा तोंडातून निघून गेलं, आबा, तुम्हाला आठवत नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. मग बायको म्हणाली डॉक्टरांना दाखवू.

"उद्या सांगतो, उद्या सांगतो म्हणत होतो साहेब. मग गोळ्या सुरू झाल्या. मग ते चिठ्ठ्या लिहायला लागले. त्यानंतर कसं सांगणार?"

कोणतं कलम लावणार याला? मी शिपायाला पाठवून आबांना बोलावून घेतलं. ते आले, खुर्चीच्या कडेवर बसले. मुलानं मोडका चाकू आणि पात्याचा तुकडा टेबलावर ठेवला आणि मान खाली घालून सगळं सांगितलं. आबांनी तुकडा उचलला, पात्याला जोडून पाहिला. त्यांचं ठाण्यातलं बोलणं शुद्ध होतं, पण आता निघाली ती घरची अहिराणी.

"फिटरना पोऱ्या तू, आन पातं लाईसन स्क्रू खोलस?"

आमचा शिपाई हसला. मुलगा हसता हसता रडायला लागला. आबा माझ्याकडे वळले.

"साहेब, म्हणजे मी येडा नही ना?"

"नाही आबा. तुमचं सगळं बरोबर होतं. आमचंच चुकलं."

त्यांनी खिशातली चिठ्ठ्यांची गड्डी काढली, एकेक वाचली आणि टेबलावर पालथी घातली. गॅसची तेवढी परत खिशात ठेवली. म्हणाले, ती राहू दे, गॅस मी आधीपासून विसरतो. नकली चाकू त्यांनी मुलापुढे सरकवला. म्हणाले, हा तुझा, कूलरला लागेल.

डबा त्याच संध्याकाळी कपाटातून बाहेर आला. गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांना खरं सांगून विचारा, असं मी मुलाला बजावलं. डायरीत लिहिलं, वस्तू मिळाली, तक्रारदाराचं समाधान झालं. माझी चूक लिहायला त्या रकान्यात जागा नव्हती, म्हणून इथं लिहितो.

या प्रकरणानं शिकवलं ते फार मोठं नाही. माणसाची वस्तू चोरली तर आम्ही पंचनामा करतो; त्याचा स्वतःवरचा भरवसा घरातल्यांनीच काढून घेतला तर करायला कागद नाही. आता मीही निवृत्त आहे. चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधतो, मुलं हसतात, हसू देत. पण माझी आई पंच्याऐंशीची आहे. अडकित्ता इथंच ठेवला होता असं ती म्हणाली की मी "तू विसरलीस" म्हणत नाही. आधी खाली वाकून पलंगाखाली बघतो.

बहुतेक वेळा तिथंच असतो.