मन्मथची यादी

चहा बशीत ओतून प्यायचा. बशी आधी स्वतः धुवायचा. एसटीत उजवीकडची खिडकी. पेनड्राइव्ह शर्टाच्या आतल्या खिशात, गळ्यातल्या इष्टलिंगाजवळ. मेसमध्ये भिंतीकडं तोंड करून जेवायचा. स्क्रीनवर चूक आली की ती मोठ्यानं वाचायचा, मग वहीत उतरवायचा. खोलीचं कुलूप दोनदा ओढून बघायचा. आत चोरण्यासारखं काही नव्हतं.

मन्मथ मंगळवारी गेला. एकतीस वर्षांचा होता. डॉक्टर म्हणाले, हृदय. आज शनिवार आहे.

तो नांदेडला, विष्णुपुरीच्या बाजूला एका कॉलेजात संगणकाच्या लॅबमध्ये मदतनीस होता. गाव मुरुड. वडील लहानपणीच गेले, आई चार वर्षांपूर्वी. घर चुलत्याकडं. मी मराठीत एमए करत होतो तेव्हा माझ्या प्रबंधाची अक्षरं संगणकावर चौकोन-चौकोन दिसायला लागली. त्यानं ती परत आणली. म्हणाला, "काय यासेर, लई साहित्य लिहून राहिलास का? मशीन बी घाबरलं." तेव्हापासूनची ओळख.

गेल्या वर्षी मुरुडच्या त्याच्या शाळेला कुणीतरी सहा जुने संगणक दिले. त्यांना विंडोज झेपणार नव्हतं, फुकटात मिळणारं लिनक्सच चालणार होतं. तिथं गणिताच्या वहिदा मॅडमना मुलांना एक गोष्ट दाखवायची होती. समीकरण लिहायचं आणि त्याचं चित्र पडद्यावर उमटताना बघायचं. मन्मथनं ते पहिल्यांदा बघितलं तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. तो म्हणाला, मी करून देतो.

शाळेत इंटरनेट नव्हतं. म्हणून तो आपल्या खोलीवरच्या संगणकावर गणिताचं सॉफ्टवेअर उतरवायचा, पेनड्राइव्हवर घ्यायचा आणि महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी निघायचा. नांदेडहून लातूर, लातूरहून मुरुड. जायला पाच तास, यायला पाच. दर वेळी पडद्यावर तेच यायचं. अमुक फाइल सापडली नाही. तो नाव उतरवून घ्यायचा. पुढच्या वेळी ती फाइल न्यायचा. मग दुसरी सापडायची नाही.

मी विचारलं, एकाला दुसरं का लागतं?

"नवरदेव आला," तो म्हणाला. "पण मामा आल्याबिगर लग्न लागत न्हाई. मामा म्हणतो, आत्या आल्याबिगर मी येत न्हाई. आत्या रुसून बसली. तिचं घर कुठं हाय, ते कुणालाच ठावं न्हाई."

एकदा मीही मुरुडला गेलो. मुलं खोलीत दाटीनं उभी होती. मन्मथनं बटण दाबलं. मग चूक मोठ्यानं वाचली. मुलं हसली नाहीत, हे जास्त वाईट होतं.

मुख्याध्यापक वैजनाथ सर दारात उभे होते. त्यांच्या मागं व्हरांड्यात पोषण आहाराच्या तांदळाची पोती होती. पोत्यांना उंदरांनी भोकं पाडली होती. "मन्मथ, तुझ्या मशिनीपेक्षा तांदूळ बरा," ते म्हणाले. "शिजतो तरी."

"सर, पोरं रोज विचारून राहिलेत," वहिदा मॅडम म्हणाल्या. "थोडे दिवस द्या ना."

सरांनी डिसेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत दिले. त्या दिवशी संगणक चालले नाहीत, तर खोलीत पोती जाणार आणि संगणक माळ्यावर.

परतीच्या बसला वेळ होता. आम्ही त्याच्या जुन्या घरावरून गेलो. नवा रंग होता. दार उघडं होतं. कुणी बोलावलं नाही. त्यानंही हाक मारली नाही.

आमच्या घरात अकरा माणसं. मन्मथ एकदा जेवायला आला होता आणि खिचडी आणि चिंचेचा खट्टा खाऊन गेला होता. नोव्हेंबरच्या एका रविवारी त्यानं माझ्या बहिणीला, शबानाला, फोन केला. यासेरला जेवायला बोलवायचं हाय, खिचडीला काय काय लागतं ते लिहून पाठव. तिनं यादी पाठवली. दुपारी त्याचा परत फोन आला. मी शेजारीच बसलो होतो.

"शबाना, तुमच्यात बिनतेलाची करतेत का? कांदा समदा खाली लागला."

"बिनतेलाची कशी होईल, भाऊ?"

"यादीत तेल न्हाई. मीठ बी न्हाई."

"तेल-मीठ कोण लिहितं? ते तर घरात असतंच की!" ती हसायला लागली.

पलीकडं वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग फोन कट झाला.

मी गेलो तेव्हा खोलीत जळकट वास होता. मन्मथ जमिनीवर बसला होता. समोर वही.

"माझा संगणक दहा वर्षांचा भरलेला हाय," तो म्हणाला. "त्याला विचारलं, ह्या सॉफ्टवेअरला काय लागतं? तर तो फक्त त्याच्याकडं नसलेलं सांगतो. असलेलं सांगतच न्हाई. ते मुरुडला कुठनं येणार? सव्वा वर्ष मी माझ्याच घराची यादी नेऊन राहिलो, यासेर."

आणि त्यानं आपला संगणक पुसायला घेतला. पार कोरा. मुरुडच्यासारखा.

"अरे, फोटो?"

"आईचा एकच हाय. तो फोनमधी हाय."

मग नुसतं लिनक्स टाकलेल्या त्या कोऱ्या संगणकाला पुन्हा विचारलं. त्रेचाळीस नावं आली. त्यानं ती एकाखाली एक वहीत लिहिली. आम्ही खाली टपरीवर भिजवलेल्या मुरमुऱ्यांची सुशीला खाल्ली. तो माझ्याकडं तोंड करून बसला.

फोनच्या नेटवर रोज दोन-तीन फायली उतरायच्या. उतरली की पेनड्राइव्हवर घ्यायची, तपासायची, नावापुढं खूण करायची. रविवारी मुरुडला जाऊन सोमवारी सकाळी वर्गासमोर चालू करायचं, असं ठरलं होतं. वहिदा मॅडमना त्यानं तसं कळवलंही होतं.

मंगळवारी दुपारी घरमालकीण रत्नम्मा पाणी आलंय म्हणून सांगायला वर गेल्या.

मुरुडला लिंगायत रीतीनं त्याला बसवून समाधी दिली. गळ्यातलं इष्टलिंग हातात ठेवलं. चुलते होते, वहिदा मॅडम होत्या, रत्नम्मा आणि मी. वैजनाथ सर मागं उभे होते. सोमवारची मुदत तशीच होती.

आज रत्नम्मांनी किल्ली दिली. "ते मशीन चालूच हाय, बाबा," त्या म्हणाल्या. "मी हात लावला न्हाई. त्याचं काय काम चालू असंल म्हणून."

मी खोली उघडली. पेनड्राइव्ह संगणकाला तसाच लावलेला होता. शेजारी वही उघडी. चाळीस नावांपुढं खूण. एक्केचाळिसावी फाइल अर्ध्याहून थोडी जास्त उतरून थांबली होती. मी माझ्या फोनचं नेट त्याला जोडलं.