चौसष्ट पावलांचा किनारा

मोजणीकाकांना हे नाव त्यांच्या होडीत बसणाऱ्यांनी ठेवलं, आणि ठेवताना कुणाच्या मनात आदरबिदर काही नव्हता. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे माणसं या तीरावरून त्या तीरावर पोचवायची, हा त्यांचा चाळीस वर्षांचा धंदा. पण रोज सकाळी वल्ह्याला हात लावण्याआधी हा गृहस्थ आपल्या घराच्या उंबऱ्यावरून निघायचा आणि पावलं मोजत पाण्याकडे चालू लागायचा. मागच्या उधाणाने वाळूवर जिथवर शेवाळ आणि शिंपल्यांची ओळ सोडली असेल, तिथे थांबायचा. मग वळून, होडीपाशी ताटकळलेल्या मंडळींना ऐकू जाईल अशा बेताने सांगायचा, "चौसष्ट."

एखाद्या दिवशी त्रेसष्ट भरत, एखाद्या दिवशी पासष्ट. त्यापलीकडे आकडा कधी गेला नाही.

"काका, समुद्राची हजेरी घेता का हो?" कुणीतरी विचारायचंच.

"हजेरी नाही, पहारा," काका म्हणायचे आणि होडी पाण्यात लोटायचे.

त्यांच्या लहानपणी त्यांच्या वडिलांचं घर समुद्राने नेलं होतं. एका रात्रीत गेलं, असं सगळे सांगत. काकांना ते कधीच पटलं नाही. घर एका रात्रीत जात नाही, वाळू रोज मूठमूठ जाते आणि कुणी तिकडे बघत नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून लग्न झाल्यावर त्यांनी स्वतःचं घर बांधलं तेव्हा दारापासून भरतीच्या ओळीपर्यंतचं अंतर नीट मोजून ठेवलं. चौसष्ट पावलं. तेवढ्याच लांबीचा काथ्याचा दोर तोडून त्यांनी दाराशेजारच्या खुंट्याला बांधला, आणि संध्याकाळी होडी त्याच दोराने वर ओढून घ्यायला लागले. पुढे होडी ओढायला लोखंडी चरखी आली, दोर माळ्यावर गेला, पावलं तेवढी राहिली.

सकाळच्या या चालण्यात काकू बरोबर असत. काकू म्हणजे त्यांची बायको. हातात पितळी तांब्या, खांद्यावर पंचा, आणि तोंडाने अवाक्षर नाही, कारण मध्ये बोललं की काकांची मोजणी चुके आणि मग पुन्हा उंबऱ्यापासून सुरुवात. धुकं असलं की दोघं चार पावलांत दिसेनाशी व्हायची. पाणी कुठे संपलं आणि आकाश कुठे लागलं ते कळायचं नाही, आणि नुसता काकांचा पुटपुटता आवाज वाळूवरून तरंगत जायचा, एकोणतीस, तीस, एकतीस. धक्क्यावरची माणसंही त्या वेळी हळू बोलत. आपण अजून झोपेतच आहोत की काय, असं सगळ्यांना वाटायचं.

होडीत मात्र काका पक्के जागे असत. खाडीच्या मुखाशी ओढ अशी, की ओहोटीच्या वेळी नवखा माणूस थेट समुद्रात जाऊन पोचेल. पलीकडच्या धक्क्याकडे तोंड करून वल्हवलं तर तो धक्का जन्मात मिळायचा नाही. काका होडीचं तोंड धक्क्याच्या कितीतरी वर, एका जुन्या गोदामाच्या पांढऱ्या भिंतीकडे धरायचे. नवीन उतारू कासावीस होऊन म्हणायचे, "अहो, भलतीकडे कुठे चाललात?" काका वल्हवत राहत. पाणी होडीला गुपचूप बाजूला सरकवत राही, पांढरी भिंत वरच्या अंगाला जाई, आणि होडी अलगद धक्क्याला टेके. "पाणी आपल्याला किती नेतंय ते धरून चालायचं असतं," काका एवढंच म्हणायचे. हे म्हणणारा माणूस घरच्या हिशेबात कसा फसला, याचं मला अजून नवल वाटतं.

पावसाळ्यात समुद्र वाळू नेतो आणि हिवाळ्यात परत आणून टाकतो, हे काकांनी जन्मभर पाहिलं होतं. म्हणून शेजारची घरं एकेक करून रिकामी व्हायला लागली तेव्हा ते हसले. जाळी विणणारा गेला, बर्फवाला गेला. त्या घरांच्या ओसरीची फरशी एका बाजूने खचली, खालची वाळू निघून गेली आणि पायऱ्या नुसत्या हवेत राहिल्या. "त्यांनी घरंच पुढे बांधली होती," काका म्हणाले. "आपली चौसष्ट शाबूत आहेत." कचेरीतून कागद आला, की येत्या मोठ्या उधाणाआधी किनाऱ्यावरची सगळी घरं सोडा. काकांनी तो घडी घालून हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवला.

उधाणाला आठ दिवस राहिले तेव्हा मुलगी आली. ती दोन तासांवरच्या गावात दवाखान्यात नोकरीला होती आणि तिने घरातली एक खोली रिकामी करून ठेवली होती. तिला फोन काकूंनीच केला होता, पण हे काकांना माहीत नव्हतं.

"बाबा, मी लहान होते तेव्हा पाण्यापर्यंत धावत जाताना मला दम लागायचा," मुलगी दारात उभी राहून म्हणाली. "आता इथून पाणी अंगावर आल्यासारखं वाटतंय."

"तू तेव्हा एवढीशी होतीस. लहानपणी सगळंच लांब असतं."

"तुम्ही घर सोडणार नाही, म्हणजे आई पण सोडणार नाही. तिचा तरी विचार करा."

"तिचाच करतोय. चाळीस वर्षं रोज सकाळी दुसरं काय करतोय मी?" काकांचा आवाज चढला. "चौसष्ट म्हणजे चौसष्ट. माझ्यावर विश्वास नसेल तर माळ्यावर दोर आहे. त्याला ना मन, ना म्हातारपण. काढ तो खाली."

"राहू दे तो दोर," काकू स्वयंपाकघरातून पटकन म्हणाल्या. "धुळीने खोकला येईल तुम्हाला."

पण काका इरेला पेटले होते. मुलीने स्टुलावर चढून दोराचं वेटोळं खाली टाकलं. काकांनी एक टोक खुंट्याला जुन्याच गाठीने बांधलं आणि वेटोळं खांद्यावर घेऊन निघाले. दोर मागे सुटत होता, काका मोजत होते. मुलगी दारातून बघत होती. काकू नेहमीप्रमाणे बाजूने चालत होत्या, आज फक्त हातात तांब्या नव्हता.

"बासष्ट, त्रेसष्ट, चौसष्ट," काका म्हणाले. पायाखाली शेवाळाची ओळ आली. त्यांनी विजयाने मागे वळून मुलीकडे बघितलं, आणि मग दोर संपला असेल म्हणून खांद्याकडे हात नेला.

खांद्यावर दोर तसाच होता. चांगले पाचसहा वेढे.

त्यांनी तो उतरवून हातात घेतला. ओलीने काथ्या वाढतो का, आखडतो का, असं काहीतरी ते पुटपुटले. मग उरलेला दोर ओढीत पाण्यात गेले. घोटा बुडाला, गुडघा बुडाला, कमरेला लाट लागली, तरी हातात दोर होताच. त्यांच्या चौसष्टाव्या पावलाची खरी जागा अजून पुढे होती, जिथे आता भरल्या पाण्यावर एक पक्षी निवांत बसून डुलत होता. काकांना वाटलं, आपण तिथे उभे आहोत, बायको नवी आहे, पायाखाली कोरडी वाळू आहे आणि आपण हा दोर तोडतो आहोत. किती तरी वेळ ते त्या जागेकडे बघत राहिले.

बाहेर आले तेव्हा वाळूत त्यांच्या पावलांची रांग होती. इतकी जवळजवळ, की एखादं मूल चालत गेलंय असं वाटावं. त्यांनी ती पहिल्यांदाच नीट बघितली.

"वाळू कमी झाली," ते काकूंना म्हणाले. "आणि माझं पाऊलही कमी झालं. दोन्ही बरोबरीने. म्हणून आकडा तोच राहिला."

"हो," काकू म्हणाल्या.

"तुला ठाऊक होतं?"

"लग्न झालं तेव्हा तुमच्याबरोबर चालताना मला पळावं लागायचं. तांब्यातलं पाणी सांडायचं माझ्या हातून. मग एका वर्षी लक्षात आलं, की हल्ली सांडत नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"सांगायचं रोज ठरवायची. पण आयुष्यात पहिल्यांदा तुमच्या शेजारून चालायला मिळत होतं. म्हटलं, अजून थोडे दिवस."

काका तिथेच ओल्या धोतराने वाळूवर बसले. त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. काकूंनी खांद्यावरचा पंचा काढून त्यांच्या हातात दिला.

उधाणाच्या तीन दिवस आधी घर रिकामं झालं. टेबल उचललं तेव्हा पायाखालचा कागद निघाला. काकांनी तो सरळ करून खिशात ठेवला. सामान होडीनेच पलीकडे न्यायचं होतं, तिथे मुलगी टेम्पो घेऊन थांबली होती. शेवटच्या खेपेला दोघंच उरली. काकांनी दार ओढून घेतलं, खुंट्याचा दोर सोडून गुंडाळला आणि उंबऱ्यावर उभे राहिले. समोर धुकं होतं आणि होडी त्यात अर्धीच दिसत होती.

"आज तू मोज," ते म्हणाले. "माझ्या मोजणीत काही राम नाही."

दोघं निघाली. काकूंचे ओठ हलत होते. पाणी आलं, होडी आली. काकांनी हात धरून त्यांना आत बसवलं आणि वल्हं हातात घेतलं.

"किती भरली?"

"कुणास ठाऊक. तुमच्याशी बोलत होते ना, राहूनच गेलं."

"माझ्याशी? तू तर एक शब्द बोलली नाहीस."

"चाळीस वर्षं नाहीच बोलले," काकू म्हणाल्या. "चला आता, ओहोटीचा जोर वाढायच्या आत."

काकांनी होडीचं तोंड पांढऱ्या भिंतीकडे धरलं आणि म्हणाले, "मग बोल आता."