शिवकन्याताईंच्या गाडीतल्या अळ्या

आमच्या शिवकन्याताईंच्या गाडीतून जायचं तर एप्रिलमध्येसुद्धा शाल बरोबर घ्यावी लागते. बाहेर डांबर पाघळत असतं आणि आत आपण नाक ओढत बसलेलो. कुणी म्हणालंच, ताई जरा कमी करा, तर त्या आरशातून मागे बघतात. मागच्या सीटा काढून तिथे लोखंडी मांडणी बसवली आहे, मांडणीवर ट्रे आणि ट्रेमध्ये रेशमाच्या अळ्या.

"गाडी त्यांची हाय," ताई म्हणतात. "आपन नुसतं बसलाव."

ताई म्हणजे माझी मोठी नणंद. युसूफ वडगावला त्यांचं चॉकी सेंटर आहे. अंड्यातून निघालेली अळी फार नाजूक असते. तिला दोनदा कात टाकेपर्यंत ताई वाढवतात, तुतीचा कोवळा पाला बारीक चिरून भरवतात आणि मग शेतकऱ्यांच्या शेडवर नेऊन पोचवतात. म्हणजे लेकरं दुसऱ्यांची, बाळपण ताईंकडे. चॉकीचं शेड गार ठेवायचं काम ताईंचे यजमान परमेश्वर दाजी यांचं. भिंतीच्या जाळ्यांवर गोणपाट बांधायचं आणि दिवसभर त्यावर पाणी मारायचं. पाहुणा आला की दाजी आधी त्याला गोणपाटासमोर उभा करतात आणि म्हणतात, "लागतंय का गार?" लागतंय म्हटल्याशिवाय चहा येत नाही.

गाडी जुनी आहे. मागच्या उन्हाळ्यात तिचा एसीचा कॉम्प्रेसर जाम झाला होता. त्याआधी महिनाभर हवा कमी गार यायची, पण ऊनच वाढलंय असं सगळे धरून चालले. खरं तर एका सांध्यातून गॅस झिरपत होता आणि त्याच्याबरोबर तेलही. तेल संपलं तसं आतलं लोखंड लोखंडावर घासलं, पट्टा किंचाळला, जळका वास सुटला आणि सगळं थांबलं. अंबाजोगाईच्या बद्रीनाथ मेकॅनिकने दुसरा बसवून दिला, तेव्हा ताई बॉनेटमध्ये डोकं घालून उभ्या होत्या. एसी लावला की कॉम्प्रेसरच्या चाकावरची चकती चुंबकाने ओढली जाते, टक् असा आवाज येतो आणि तेव्हा कुठे तो चालू होतो, एवढं त्यांनी ध्यानात ठेवलं. तेव्हापासून त्या टक् ऐकल्याशिवाय गाडी हलवत नाहीत. थंडीतसुद्धा आठवड्यातून एकदा एसी लावून बसतात, आतली रबरं सुकू नयेत म्हणून. गावाला त्याची मोठी करमणूक होते.

यंदा त्यांना कडा गावाहून पहिली ऑर्डर आली, राधाकिशन नावाच्या शेतकऱ्याची. लांबचा पल्ला, तिकडे ताईंना ओळखणारं कुणी नाही. या अळ्या नीट पोचल्या तर त्या भागातून आणखी फोन येतील, वाटेत मेल्या तर पुन्हा कुणी विचारणार नाही. पहाटे निघायचं ठरलं होतं, पण अळ्या कात टाकून उठायलाच उशीर लागला आणि अर्धवट अवस्थेत त्यांना हलवता येत नाही. निघेपर्यंत ऊन चांगलंच वर आलं.

"आज उनाची चाललीया," दाजी म्हणाले. "म्हनलं गाडीला पन गोनी बांधावी." त्यांनी गाडीच्या पुढच्या जाळीवर दुहेरी गोणपाट, चिंब ओलं, बांधून टाकलं होतं.

ताईंनी पाहिलं. "घट बांधा, उडंल," म्हणाल्या.

केजला थांबून दाजींनी त्यावर आणखी बादलीभर पाणी मारलं. केज मागे पडलं आणि आतली हवा कोमट झाली, मग गरम. ताईंनी एका लिंबाखाली गाडी घेतली, इंजिन चालू ठेवलं आणि कान लावला. टक्. लगेच सुटलं. पुन्हा टक्, पुन्हा सुटलं. त्यांनी बद्रीनाथला फोन लावला.

"जळका वास येतोय का, ताई?"

"न्हाई."

"पट्टा वरडतोय?"

"न्हाई. लागतंय अन् सुटतंय."

"पुढचा पंखा?"

"फिरतोय की."

"मंग जाळीवर काई बसलंय का? पाला, कागद?"

ताईंनी जाळीकडे पाहिलं. "गोनी हाय," म्हणाल्या.

"कसली गोनी?"

"वली."

मग बद्रीनाथने विचारलं, "कुनी बांधली?"

दाजी रस्त्याकडे बघत होते. "आमी दोघांनी," ताई म्हणाल्या.

"ताई, शेडात तुमी भाईरचा वारा गार करून आत घेता. हितं उलटं हाय. गाडीतली गरमी गॅस उचलतोय, कॉम्प्रेसर त्याला दाबतोय, अन् ती गरमी त्या जाळीतून भाईर जाती. जाळीला वाराच लागंना, तर दाब चढंल न्हाई तर काय हुईल? आतलं फुटू नये म्हनून त्यो आपला आपन बंद पडतोय. गोनी काढा, इंजिन बंद करा, समदं निवू द्या. घाई करून चालवलाव तर मागच्यावानी जाम हुईल."

पण बंद गाडीत अळ्या उकडून मेल्या असत्या. दोघांनी मांडणीवरचे ट्रे उतरवून लिंबाच्या दाट सावलीत एकावर एक रचले, मुंग्या चढू नयेत म्हणून भोवती चुन्याची रेघ मारली आणि वारा येईल त्या बाजूला दाजी गोणपाट पडद्यासारखं धरून उभे राहिले. तिथे शेळ्या घेऊन बसलेली छबुबाई हे सगळं बघत होती.

"किड्यासाठी पडदा धरलाव व्हय?" ती म्हणाली. "आमच्या मानसानं कधी माझ्यावर छत्री धरली न्हाई."

"त्यांना पन रेशीम करायला लावा," ताई म्हणाल्या.

तापलेल्या जाळीला तळहात टेकवता येईपर्यंत ताई थांबल्या. मग इंजिन लावलं. टक् झालं आणि लागलेलं राहिलं. आतली हवा गार झाल्यावरच ट्रे पुन्हा चढवले.

दाजी हा प्रवास सांगतात तेव्हा छबुबाई येते, लिंब येतो, गोणी मात्र थेट सावलीतच उगवते.

कड्याला राधाकिशन वाट बघत उभा होता. त्याने ट्रेवर तुतीचा पाला पसरला. शेड शांत होतं. हळूहळू पाल्याच्या कडेवर एकेक अळी चढू लागली आणि मग बारीक करकर ऐकू यायला लागली. एक ट्रे सोडून. तो गाडीत उन्हाच्या बाजूला होता. त्यातल्या अळ्याही चढल्या, पण संथ, काही तर खालीच राहिल्या.

"ह्या बी खातेत की," राधाकिशन म्हणाला. "राहू द्या."

"नगं," ताई म्हणाल्या. "ह्यांना झळ लागलीया. आज खातील, अन् कोष करायच्या येळेला मऊ पडून मरतील. तवर तुमचा पाला जाईल, बाकीच्यांना बी बिघडवतील."

"मी कुठं वळखलं असतं?"

"म्हनून तर सांगतीय. गाडीच्या जाळीला गोनी बांधून एसी बंद पाडला, ती चूक आमची, तुमची न्हाई. पुढच्या खेपंला भरून देते."

राधाकिशनने तो ट्रे स्वतः उचलून गाडीपर्यंत आणला. मांडणीवर ठेवताना त्याने विचारलं, "माझा साडू बी रेशीम करतोय. त्याच्याबी शेडवर आनाल का?"

"आनू," ताई म्हणाल्या. "पन अळी कवा उठंल ते तिच्या हातात. तारीख मी न्हाई देनार."