पोफळीला न थांबलेली गाडी

सानिका आणि नील, आजोबांना जाऊन सात आठवडे झाले. परवा फोनवर नील म्हणाला, "आजी, आजोबांना सगळं आठवायचं. फक्त पोफळीचं घर दाखवायचं ते विसरले." मी "हो रे" म्हटलं आणि फोन ठेवला. ते खरं नव्हतं. म्हणून हे लिहिते आहे. सानिका, नीलला वाचून दाखव. जोडाक्षरं त्याला अजून जड जातात.

दोन वर्षांपूर्वी तुम्ही टोरांटोहून आलात आणि आपण आठ दिवसांच्या प्रवासाला निघालो. रत्नागिरीहून वेळणेश्वर, चिपळूण, घाट चढून महाबळेश्वर, मग पुणे. मी वेळापत्रक टाइप करून सगळ्यांना प्रती दिल्या होत्या, ड्रायव्हरलासुद्धा. त्यात "पोफळी, अर्धा तास" ही ओळ आजोबांच्या आग्रहामुळे होती. तिथल्या वीजघरात त्यांची नोकरी झाली, आणि कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये तुमची आई लहानाची मोठी झाली. ते घर दाखवायचं वचन त्यांनी तुम्हाला फोनवर वर्षभर आधीच दिलं होतं.

पहिला दिवस छान गेला. जयगडच्या खाडीत गाडीसकट बोटीवर चढलो, तेव्हा नील आनंदानं किंचाळत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी वेळणेश्वरला, आपल्या कुलदैवताला, अभिषेक. गुरुजींनी घरातल्यांची नावं विचारली. आजोबांनी सगळ्यांची सांगितली आणि शेवटी "टिमी" म्हणाले. गुरुजी थांबले. "हे कोण?"

"घरातलेच आहेत," आजोबा गंभीरपणे म्हणाले. तुमच्या कुत्र्याच्या नावानंही अभिषेक झाला. तुम्ही दोघं हसून लोळत होतात आणि मी घड्याळ बघत होते.

पुढे सगळं बिघडत गेलं. गुहागर सोडल्यावर नीलला तीनदा उलटी झाली. चिपळूणला औषध, लिंबू सरबत, कपडे बदलणं... दीड तास गेला. औषधानं नील झोपला, त्याच्या खांद्यावर डोकं टेकून सानिका, तूही. तुमची आई तर केव्हाच पेंगत होती. पोफळी जवळ आली तसे आजोबा पुढे वाकून बसले. मी ड्रायव्हरला म्हटलं, "सरळ घ्या. अंधार पडायच्या आत पोचायचंय."

"अगं, पाच मिनिटं," आजोबा म्हणाले.

"अहो, घर काय पळून जातंय? पुढच्या वेळी दाखवा."

ते मागे टेकून बसले. कॉलनी मागे गेली.

घाटात तू जागी झालीस. "आजोबा, पोफळी कधी येणार?" मी हातातल्या कागदाकडे बघत राहिले.  आजोबा लगेच म्हणाले, "अरेच्चा, गेली की! विसरलोच बघ मी." तू म्हणालीस, "तुम्ही प्रॉमिस केलं होतं," आणि महाबळेश्वर येईपर्यंत त्यांच्याशी बोलली नाहीस. त्यांनी मला कधी काही ऐकवलं नाही. मीही विषय काढला नाही. पुढची वेळ आली की थांबू, असं धरून चालले होते.

ते गेले त्या सकाळी त्यांचा चहा निम्माच पिऊन झाला होता. पुढचे तेरा दिवस मी याद्या केल्या. कोणाला कळवायचं, काय आणायचं, कोणाची झोपायची सोय कुठे. एकही गोष्ट राहिली नाही. रडू मात्र अजून आलेलं नाही. येत नाही, एवढंच.

नीलचा फोन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी मी गाडी ठरवून पोफळीला गेले. वेळापत्रक केलं नाही. आमच्या क्वार्टरमध्ये आता दुसरं कुटुंब राहतं. दार उघडलेल्या बाईंना मी कोण ते सांगितलं. "या ना आजी, पसारा आहे हां," म्हणत त्यांनी आत घेतलं. स्वयंपाकघरात भिंतीवरच्या फळीकडे माझी नजर गेली तशा त्या म्हणाल्या, "वाकडी आहे म्हणून काढणार होतो, पण निघेचना!"

ती फळी तुमच्या आजोबांनी बसवली आहे. खिळे त्यांचे आहेत. डाव्या बाजूला ती बोटभर उतरती आहे, आणि तिच्यावर आता त्या बाईंचे डबे आहेत.